शाळेत राइटर मिळायचा, कॉलेज म्हणतं ‘यहाँ ऐसा कुछ नहीं होता’ – बीकॉमला असलेल्या डिस्लेक्सियाच्या मुलाचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुम्ही असं लिहिलंय की मुलाला डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) आहे, नववीत असताना तपासणी होऊन सर्टिफिकेट मिळालं, दहावी-बारावी सीबीएसईतून राइटर (मुलगा सांगेल ते लिहिणारा लेखनिक) आणि जास्तीचा वेळ घेऊन चांगला पास झाला, आता इथेच इंदूरला बीकॉम करतोय. पहिल्या वर्षी दोन विषयांत एटीकेटी आली, कॉलेजच्या बाबूंनी ‘यहाँ ऐसा कुछ नहीं होता’ म्हणून परत पाठवलं आणि पोरगा आता कॉलेजच सोडायचं म्हणतोय. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत, राइटर कसा मिळवायचा ते आणि एखाद्या चांगल्या ट्यूशनचं नाव.

ट्यूशनचं नाव मी देणार नाहीये, का ते पुढे सांगते. मी इंदूरचीच, स्पेशल एज्युकेटर, एकोणीस वर्षं झाली. आधी शाळेतली मुलं बघायचे, मग तीच मुलं मोठी होऊन कॉलेजात गेली आणि त्यांच्या आया पुन्हा माझ्याच दारात आल्या, तेव्हापासून कॉलेजची मुलं जास्त बघते. तुमच्यासारखीच गोष्ट घेऊन दर जुलै-ऑगस्टमध्ये कोणी ना कोणी येतंच.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक कागदाचा आहे, त्याला उत्तर आहे आणि ते मिळतं. दुसरा मुलगा अभ्यास कसा करतो आणि त्याच्यासाठी बोलतं कोण, याचा आहे. सगळे कागदाच्याच मागे लागतात, कारण ते दिसतं. पण कागदाला तारीख असते म्हणून आधी तोच घेऊ.

नववीतलं सर्टिफिकेट म्हणजे साधारण चौदाव्या वर्षीचं. लर्निंग डिसेबिलिटीच्या (डिस्लेक्सिया त्यातच येतो) तपासणीचे जे सरकारी नियम जानेवारी २०१८ मध्ये निघाले त्यात सर्टिफिकेट आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या वर्षी पुन्हा आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असा क्रम होता, आणि अठराव्या वर्षीचं मिळालं की ते जन्मभराचं. बहुतेक घरी चौदाचं लॅमिनेट करून ठेवलेलं असतं आणि अठराचं कोणाच्या लक्षातच नसतं, कारण बारावीपर्यंत जुन्यावर काम भागतं. तर मुलाला अठरा पूर्ण झाली असतील तर पहिलं काम हे, यूडीआयडीच्या म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरा आणि सरकारी मेडिकल बोर्डाकडून पुन्हा तपासणी करून घ्या. खाजगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट जवळ ठेवा, त्याचा उपयोग होतो, पण परीक्षेच्या कामात तो सर्टिफिकेटच्या जागी चालत नाही. आणि बोर्डाकडे एकाच फेरीत काम होईल अशी आशा धरू नका, दोन-तीन चकरा धरूनच चला, डबा बरोबर न्या.

आता ‘यहाँ ऐसा कुछ नहीं होता’ याबद्दल. बाबू खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, त्यांना आजवर कोणी विचारलंच नसेल. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत लर्निंग डिसेबिलिटी स्पष्ट लिहिलेली आहे, आणि जास्तीचा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी त्याच कायद्यात शिक्षणाच्या कलमांत आहेत, फक्त शाळेपुरत्या नाहीत. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं ऑगस्ट २०१८ मध्ये निघाली, त्यात तासाला किमान २० मिनिटं जास्त म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि दिव्यांगता ४० टक्क्यांच्या खाली आहे म्हणून राइटर नाही असं कोणी म्हटलं तर फेब्रुवारी २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल सांगा. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, लिहिताना हात आखडायचा, आणि कोर्टाने सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही.

पण हे कलम-बिलम तोंडी सांगून भांडायला जाऊ नका. मी त्याची पानं प्रिंट काढून अर्जाला टाचते आणि गप्प बसते. आपण भांडलो की समोरचा माणूस आपल्याला टाळतो, अर्जाला टाचलेला कागद मात्र त्याला पुढे सरकवावाच लागतो. अर्ज प्राचार्यांच्या नावाने, आवकमध्ये (कॉलेजात आलेले कागद घेतात तिथे) देऊन आपल्या कॉपीवर शिक्का आणि नंबर घ्यायचा. हा शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नव्हता असं समजा, मी दोन मुलांच्या बाबतीत हे भोगलंय.

अर्ज कोणाच्या हातात आहे ते कॉलेजवर अवलंबून. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा तेच घेतात, म्हणजे त्यांच्याच परीक्षा नियंत्रकाकडे काम होतं. देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न साधं कॉलेज असेल तर मुख्य परीक्षा विद्यापीठाची, मग कॉलेजकडून पत्र पुढे जावं लागतं आणि आरएनटी मार्गावरच्या परीक्षा विभागात त्याचा पाठपुरावा करावा लागतो. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी हे झालेलं बरं. पण एक गोष्ट कोणीच सांगत नाही, सीसीई म्हणजे कॉलेजच्या आतल्या ज्या टेस्ट असतात त्या कॉलेजच्याच हातात आहेत. तिथे वीस मिनिटं जास्त द्यायला विद्यापीठाला विचारायची गरज नाही, एखाद्या मॅडमनी मनावर घेतलं की झालं. मी सुरुवात नेहमी तिथून करते. एकदा कॉलेजात कोणाला तरी वेळ दिला गेला की ‘ऐसा कुछ नहीं होता’ हे वाक्य बंद होतं.

आता अवघड भाग. राइटर हवाच आहे का?

शाळेत होता म्हणून कॉलेजातही हवा असं तुम्ही धरून चालला आहात, मीही पूर्वी तसंच धरायचे. एक मुलगी होती, वाचायला फार हळू पण अक्षर मोत्यासारखं. तिच्यासाठी मी हट्टाने राइटर मिळवून दिला आणि तिचे अकाउंटचे मार्क आधीपेक्षा खाली गेले. घरी बसून तिच्याकडून तोच पेपर पुन्हा सोडवून घेतला तेव्हा कळलं. जर्नल एंट्री तिला हाताने पान आखत आखत सुचायची. डेबिटची ओळ, मग थोडं आत सरकवून क्रेडिट, मग कंसात नॅरेशन, हे सगळं तिच्या हाताला येत होतं, तोंडाला नाही. समोर बसलेला अकरावीचा सायन्सचा पोरगा, त्याला ‘टू’ कुठे आणि ‘बाय’ कुठे काय माहीत, ती सांगायची एक आणि तो लिहायचा दुसऱ्याच रकान्यात, मग खोडाखोड, मग तिचा धीर सुटायचा. तिला राइटर नकोच होता, प्रश्न वाचून दाखवणारं कोणी आणि एक तास एवढंच हवं होतं. ऑगस्ट २०१८ च्या नियमांत राइटर न घेणाऱ्यालाही तीन तासांना किमान एक तास जास्त धरलेला होता, हे मला तेव्हा नीट माहीत असतं तर तिचं एक वर्ष वाचलं असतं.

म्हणून आता मी घरी एक परीक्षा घेते, तुम्हीही घेऊ शकता. मागच्या वर्षीच्या पेपरमधला एकाच तऱ्हेचा मजकूर तीन दिवस, रोज एक तासाचा. पहिल्या दिवशी त्याने एकट्याने, साध्या वेळात लिहायचं. दुसऱ्या दिवशी एकट्याने पण वीस मिनिटं जास्त. तिसऱ्या दिवशी तेवढाच जास्तीचा वेळ आणि त्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि लिहिणारे तुम्ही नाही, तुम्हाला त्याच्या अर्ध्या शब्दावरून उत्तर कळतं, मावसभाऊ वगैरे कोणी बसवा. तिन्ही कागद शिक्षकाकडून तपासून घ्या. दुसरा आणि तिसरा सारखेच असतील तर राइटरच्या भानगडीत पडू नका, फक्त वेळ मागा. आणि विषयागणिक वेगळंही मागता येतं, थिअरीला राइटर आणि अकाउंटला नुसता वेळ, असं मी करून घेतलंय.

राइटर घ्यायचाच ठरला तर दोन गोष्टी. नुसतं दिव्यांगतेचं सर्टिफिकेट पुरत नाही, याला लिहायला अडचण आहे म्हणून राइटर लागतो असं सिव्हिल सर्जन किंवा सरकारी दवाखान्याच्या अधीक्षकांचं वेगळं पत्र लागतं, ते बोर्डाच्या चकरांमध्येच मागून घ्या. दुसरं, आपला राइटर आपण नेला तर त्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालचं हवं, म्हणजे सीए करणारी ताई घरात आहे तरी ती चालणार नाही. आणि राइटरला सांगणं हे एक वेगळं कौशल्य आहे, स्वल्पविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, हे तोंडाने सांगायची सवय लागते, परीक्षेच्या आधी निदान सात-आठ बैठका हव्यात, त्याच राइटरबरोबर.

हे झालं कागदाचं. आता तुम्ही न विचारलेलं.

तुमचा मुलगा शाळेत पास कसा होत होता? मी अंदाजाने सांगते, तुम्ही रोज संध्याकाळी बसून धडा वाचून दाखवत होता. बारा पानांचा धडा, तुम्ही वाचायच्या, तो ऐकायचा, त्याच्या लक्षात राहायचं. आता पुस्तक तीनशे पानांचं आहे, कॉलेज दुपारपर्यंत आहे, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला आईने बिझनेस लॉ वाचून दाखवावा हे त्यालाही नको वाटतं. म्हणजे शाळेत त्याचा खरा आधार राइटर नव्हताच, तुमचा आवाज होता, आणि तो बंद झाला. एटीकेटी त्यामुळे आली असं मला वाटतं.

मागच्या वर्षी असाच एक मुलगा माझ्या डायनिंग टेबलावर बसला होता. करार कायद्यातला ‘कन्सिडरेशन’वरचा एक परिच्छेद दिला, म्हटलं वाच. बोट ठेवून वाचला, चार मिनिटं लागली, चुका फक्त दोन. पुस्तक बंद केलं आणि विचारलं काय होतं यात, तर म्हणे, ‘मॅडम, काहीतरी प्रॉमिसचं होतं.’ तोच परिच्छेद मी मोठ्याने एकदा वाचला. क्षणभर थांबला आणि म्हणाला, म्हणजे मी पोहेवाल्याला सांगितलं उद्या घरी शंभर प्लेट पाठव आणि पाचशे अ‍ॅडव्हान्स दिला तर तो बांधला गेला, पण तो आपणहून म्हणाला असता की उद्या तुम्हाला फुकट जिलेबी देतो आणि दिली नाही, तर मी केस नाही करू शकत. १८७२ चा अख्खा कायदा पोरानं जिलेबीत घालून दिला. आई शेजारीच बसली होती, तिच्या डोळ्यात पाणी, ती गोष्ट वेगळी.

तर होतं काय, की अक्षरांची जुळवाजुळव करण्यातच त्याचं सगळं लक्ष खर्च होतं, अर्थापर्यंत पोचेस्तोवर काही उरतच नाही. समजण्यात खोट नाहीये. आपल्या मुलांचं आणखी एक, घरी मराठी, बाहेर हिंदी, पुस्तकं इंग्रजी. देवनागरीत जे लिहिलं ते बरंचसं तसंच वाचायचं, त्यामुळे ही मुलं हिंदी-मराठी अचूक पण हळू वाचतात, इंग्रजीत मात्र स्पेलिंगचा भरवसा नसल्यामुळे हळूही आणि चुकतही. मग लोक सल्ला देतात की हिंदी मीडियम करून टाका. दुसऱ्या वर्षात असा बदल मी सहसा करू देत नाही, कारण शब्दच बदलतात. बारावीपर्यंत जे ट्रायल बॅलन्स होतं ते हिंदीत तलपट होतं, आजोबांना विचारलं तर ते तेरीज म्हणतात, आणि ज्या मुलाला नवा शब्द बसवायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो त्याच्यावर पुन्हा तीनशे नवे शब्द.

त्यापेक्षा तुमच्या आवाजाची जागा दुसऱ्या आवाजाने भरा. अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ आहे, फुकट, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतो. छापील पानाचा फोटो काढून गूगल लेन्सनेही ऐकता येतं. सुगम्य पुस्तकालय म्हणून सरकारी ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे, ज्यांना छापील वाचायला अडचण आहे त्यांच्यासाठी, डिस्लेक्सियाची मुलंही त्यात येतात. पाठ्यपुस्तकाचा ऑडिओ करून घेणं चोरी आहे का असं एक वडील विचारत होते, नाही, २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच दिव्यांगांना स्वतःच्या वापरासाठी ही मोकळीक आहे. फक्त भंवरकुआंच्या दुकानातल्या झेरॉक्सच्या झेरॉक्स नोट्स घेऊ नका, इतक्या पुसट असतात की फोनलाही वाचता येत नाहीत. आणि नुसतं ऐकायचं नाही, पुस्तक समोर उघडं, बोट ओळीवर, कानात आवाज, तिन्ही एकदम. पहिले दहा-बारा दिवस त्याला तो यंत्राचा आवाज असह्य होईल. होऊ दे. नंतर हीच मुलं स्पीड वाढवून ऐकतात, आपल्याला तर कळतही नाही काय चाललंय.

म्हणून ट्यूशनचं नाव देत नाहीये. शंभर मुलांच्या बॅचमध्ये सर फळ्यावर लिहितात आणि मुलं उतरवतात, तुमच्या मुलाला नेमकं तेच जमत नाही. त्यापेक्षा त्याच कॉलेजातला तिसऱ्या वर्षाचा एखादा हुशार, बोलका मुलगा शोधा, आठवड्यातून तीन दिवस, तासभर, काम एकच, विषयावर गप्पा मारायच्या आणि तुमच्या मुलाकडून तोंडी उत्तरं काढून घ्यायची. अर्ध्या पैशात होतं.

शेवटचा मुद्दा तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुम्ही लिहिलंय, ‘मी कॉलेजात गेले’, ‘मी बाबूंशी बोलले’. मुलगा कुठे होता? मी स्वतः ही चूक केलीये. एका मुलाबरोबर मी आणि त्याचे आई-बाबा, असे आम्ही तिघं प्राचार्यांसमोर चाळीस मिनिटं बोललो, परवानगी मिळाली, मी खूष. परीक्षेत त्याने ती वापरलीच नाही. वेगळ्या खोलीत बसायला त्याला लाज वाटत होती आणि आम्ही कोणी त्याला विचारलंच नव्हतं. कॉलेजात कोणाला सांगायचं, किती सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्याचं आहे. वर्गभर सांगायची गरजही नाही, एक शिक्षक पुरतात.

त्याच्याकडून घरी दोन वाक्यं तयार करून घ्या, हिंदीतच, कारण बोलणं हिंदीतच होणार आहे. ‘सर, मुझे डिस्लेक्सिया है, पढ़ने में समय ज़्यादा लगता है, समझने में नहीं। सीसीई में बीस मिनट ज़्यादा मिल जाएँ तो मैं पूरा पेपर कर पाऊँगा।’ एवढंच. बीमारी हा शब्द नाही, मजबूरी नाही, आणि काय हवंय ते आकड्यात. बाबांसमोर बोलू दे, मग आजीसमोर, चार वेळा झालं की जीभ वळते. आणि मग त्याला एकट्याला जाऊ दे. तुम्ही बाहेर गाडीत बसा हवं तर.

कॉलेज सोडायचं की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, त्याला बीकॉमच नको असेल तर तो वेगळा विषय आणि तेही त्याच्याशीच बोलायला हवं. पण कॉलेजात अजून त्याने एकही परीक्षा जास्तीच्या वेळेत आणि ऐकून केलेल्या अभ्यासावर दिलेली नाहीये, एटीकेटीचे दोन पेपर तेवढे या पद्धतीने देऊ दे, मग त्याला विचारा. आजच्या आज एवढं बघा की एटीकेटीच्या फॉर्मची शेवटची तारीख काय आहे आणि सर्टिफिकेटवर जारी झाल्याची तारीख काय आहे. दोन्ही इथे लिहा, म्हणजे मेडिकल बोर्डाकडे आधी धावायचं की कॉलेजच्या आवकमध्ये, ते मी सांगते.